कवड्यांच्या पट्ट्यांचं काय करायचं

आदल्या संध्याकाळी आम्ही दोघा नवरा-बायकोनं म्हशीची शिंगं साळली. साळली म्हणजे बाटलीच्या काचेनं खरवडून गुळगुळीत केली. तिनं म्हशीचं मुंडकं काखेत धरलं होतं आणि मी काच चालवत होतो. हे काम आम्ही लग्नापासनं करत आलो आणि लग्नापासनं ती माझ्या हाताला नावं ठेवत आली.

"हळू की वाईच. शिंग हाय ते, ऊस न्हाय सोलायला."

"मग तू घे काच."

"मी काच घेतो, मुंडकं कोण धरणार? तुमी धरलं की ती नाचती."

खरं होतं ते. तिच्या काखेत म्हैस डोळे मिटून उभी राहायची, न्हाव्याच्या खुर्चीत माणूस बसतं तशी. साळून झाल्यावर करडीचं तेल चोळलं. ती चार पावलं मागं सरली, मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाली, "डावीकडचं टोक बोथट केलासा. ऱ्हाऊ दे, पाडव्याला अजून टाइम हाय." मग हात धुतले, भाकरी-आमटी खाल्ली आणि झोपलो.

सकाळी धारेच्या वक्ताला ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेली. मी म्हणलं, बरं झालं, तिला दवाखान्याचा वास सोसत नव्हता. हे जरा मोठ्यानं म्हणलं गेलं आणि जमलेल्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. बघू देत. मी चौथी शिकलेला माणूस, मला गोड करून बोलायला येत नाही. लिहायलाही येत नाही. जे झालं ते सांगतो. नावं मात्र घालत नाही, माणसांची नाही आणि म्हशींचीही नाही. म्हशींना राग येत नाही, पण त्यांच्या आताच्या मालकांना येतो.

आमचं घर गवळ्याचं. कोल्हापुरात दिवाळी पाडव्याला म्हशी पळवतात. बाहेरच्या पावण्याला हे सांगितलं की तो हसतो, कारण म्हैस म्हणजे चिखलात बसणारं जनावर एवढंच त्याच्या डोक्यात असतं. त्यानं एकदा येऊन बघावं. म्हैस भादरतात, अंगावर केसांची नक्षी ठेवतात, शिंगं रंगवतात. डोक्याला मोरपिसांचा तुरा, पायात चाळ, गळ्यात कवड्यांचा पट्टा. मालक सायलेन्सर काढलेल्या फटफटीवर पुढं आणि म्हैस त्या आवाजामागं. दावं नाही, काठी नाही. दोन्ही अंगाला माणसांची भिंत, हलगी कडाडतीय, पोरं शिट्ट्या मारत्यात, तरी म्हैस दुसऱ्याच्या गाडीमागं जात नाही. आपल्या मालकामागं जी न बुजता सरळ आणि जोरात पळेल, ती जिंकली.

आमच्या म्हशी पुष्कळ वेळा जिंकल्या. लोक माझ्या पाठीवर थाप मारायचे. पण आता ती नाही तर खरं सांगायला हरकत नाही. आमची म्हैस माझ्या फटफटीमागं पळत नव्हती. रस्त्याच्या पार शेवटाला, एका घराच्या कट्ट्याजवळ बायको पेंडीची बादली घेऊन उभी असायची. म्हैस बादलीकडं पळायची. मी मधे होतो एवढंच.

गारगोटीच्या पलीकडं तिचं माहेर. लग्नात आंदण म्हणून बापानं तिला एक रेडी दिली, आणि त्या रेडीच्या गळ्यात घालायला कवड्यांचा पट्टा. पहिल्या वर्षी मी त्या रेडीला पळवणार म्हणल्यावर गल्ली हसली. सासुरवाडीची म्हैस, कोल्हापूरची हवा मानवायची नाही म्हणाले. ती पळाली. अशी पळाली की हसणाऱ्यांच्या तोंडातलं पान तोंडात राहिलं.

तिथनं बायकोचं जमवणं सुरू झालं. गोठ्याला लागून वैरणीची खोली आहे. तिची एक भिंत हिनं घेतली, माझ्याकडनं खुंट्या ठोकून घेतल्या आणि आयुष्यभर ती भिंत भरत राहिली. प्रत्येक म्हशीचा पट्टा वेगळा. चामड्याची वादी चपला करणाऱ्याकडनं कापून आणायची आणि कवड्या स्वतः दाभणानं शिवायच्या. म्हैस विकली किंवा मेली की तिचा पट्टा खुंटीवर. पुढच्या म्हशीला नवीन. मी म्हणायचो, "आगं, चांगला हाय की हा. हाच घाल."

"एकीचा दुसरीला न्हाय घालायचा. जिनं पळून कमावला तिचा त्यो."

पट्ट्यांखाली चाळ, घुंगरू, पितळी घंट्या. एका कोपऱ्यात मोरपिसांचे तुरे, उंदरांनी अर्धे खाल्लेले. गल्लीतल्या फोटोवाल्यानं काढलेले फोटो, त्यात म्हैस सगळी आलीय आणि माझं डोकं कापलंय. खालच्या खुंट्यांवर दावी. जनावर विकताना त्याचं दावं घेणाऱ्याला द्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. तो आपलं दावं घेऊन येतो. तेव्हा गेलेल्या सगळ्या म्हशींची दावी तिथं होती.

मंडळांनी दिलेल्या ढालींचं तिला काही कौतुक नव्हतं. "पत्र्यावर पॉलिश," म्हणायची. एक मोठी ढाल तर पेंडीच्या डब्यावर झाकण म्हणून होती. आणि माझ्या पहिल्या फटफटीचा सायलेन्सर मात्र जुन्या लुगड्याच्या फडक्यात बाळासारखा गुंडाळून ठेवलेला. मी एकदा विचारलं, "ह्यो काय सोन्याचा हाय?"

म्हणाली, "ह्यो निघाला म्हणून आवाज आला. आवाज आला म्हणून ती पळाली. मग मान कुणाचा?"

सायलेन्सरशी काय भांडायचं.

ती गेल्यावर पहिली अडचण म्हशीची झाली. दूध चोरायला लागली, कासेतच धरून ठेवायची. मी बसलो तर लाथ, पोरगा बसला तर लाथ. पोरगा गॅरेजमधे कामाला, त्याला इंजिन कळतं, आचळ कळत नाही. शेवटी सून उठली. ही इचलकरंजीची, बाप यंत्रमागावर कामाला. मागांच्या खडखडाटात वाढली म्हणून साधं बोलली तरी भांडल्यासारखं वाटतं. लग्न होऊन आली तेव्हा म्हशीपासनं हातभर लांब चालायची. तिनं सासूचं रोजचं लुगडं, न धुतलेलं, तसंच अंगावर घेतलं आणि बादली घेऊन खाली बसली. म्हशीनं लुगड्याला नाक लावलं, एक लांब श्वास सोडला आणि धार दिली. सून रडत रडत धार काढत होती आणि तसल्यात मला ओरडून सांगत होती, "मामा, असं बघत काय उभं ऱ्हायलासा? पेंड टाका की फुडं!"

ह्या पोरीचे उपकार मी फेडू शकत नाही. सासूच्या हातातल्या पाटल्या मी त्याच आठवड्यात तिला दिल्या. ती नको नको म्हणत होती. मी म्हणलं, गप घाल.

दिवसकार्याला माणसं येत होती. बसायची, चहा घ्यायची आणि जाताना वैरणीच्या खोलीत डोकावून विचारायची, "ह्याचं आता काय करणार?" कुणी म्हणायचं, नदीत सोडा. कुणी म्हणायचं, म्युझियमवाल्यांना द्या. एक पावणा म्हणाला, पितळेला भाव चांगला आलाय. त्याला मी चहा दिला नाही.

पण रात्रंदिवस तेच डोक्यात घोळायला लागलं. पोरगा एकदा सरळ बोलला. "आबा, राग मानू नका. आई हुती तवर कुठला पट्टा कुठल्या म्हशीचा ते ती सांगायची. आता तुमी सांगतासा, तेबी अर्धं. तुमच्यामागं मला ह्यातलं एकबी सांगता येणार न्हाय. मग भंगारवाला न्हील न्हायतर उंदीर खातील."

राग आला, पण पोरगं खोटं बोलत नव्हतं. मला एका डोळ्यानं कमी दिसतं, छातीत धाप लागते. मी किती दिवसांचा? माझ्यामागं तिच्या हातच्या कवड्या कुणाच्या तरी पोत्यात जाणार, ह्या एका गोष्टीची भीती बसली. मरणाची नाही, पोत्याची.

त्यातच एक हॉटेलवाला आला. पन्हाळा रोडला नवीन हॉटेल काढत होता, दुधाचं बोलायला म्हणून आलेला. तरणा, तब्येतीनं भरलेला, बोलायला नम्र. वैरणीच्या खोलीत गेला आणि तिथंच थांबला. "काका, हे सगळं मला द्या. विकत म्हणत न्हाय, तसंच द्या. एक आख्खी भिंत करतो. वर काच, काचंत लाइट. काकींचा फोटो मधोमध. येणारं गिऱ्हाईक आधी ह्यांच्या पाया पडंल, मग जेवंल."

माणूस वाईट नव्हता. मला पटलं. काचेत उंदीर जात नाही आणि भंगारवाला पोचत नाही. सुनेनं विचारलं, "मामा, खरंच देणार?" मी म्हणलं, "मग काय करू? सांग तू." ती भांडी उचलून मोरीवर गेली. हॉटेलवाल्याला पाडव्याचा मुहूर्त हवा होता, त्या दिवशी त्याचं उद्घाटन. सकाळी टेम्पो पाठवतो म्हणाला. त्या वर्षी घरात दिवाळी नव्हतीच, तेव्हा आम्हाला कुठला दिवस काय सारखाच.

तिच्यामागची पहिली दिवाळी. दारात पणती नाही, आकाशकंदील नाही, तळणाचा वास नाही. म्हैस भादरली नाही, रंगवली नाही. शेजारणी आपापल्या घरचा फराळ घेऊन आल्या, कारण दुःखाच्या घरात कढई चढत नाही, आणि डबे एवढे झाले की ठेवायला जागा राहिली नाही. आमचं दूध घेणाऱ्या एका जैन बाईंनी तर चिवडा, चकली असं सगळं आणून दिलं आणि म्हणाल्या, "ह्यात कांदा-लसूण न्हाय, पण तुमाला चालंल." चालंल काय, मी आधी तेच संपवलं.

पाडव्याला पहाटेपासनं रस्त्यावर घुंगरांचा आवाज. गवळी आपापल्या म्हशी घेऊन निघालेले. आमची म्हैस गोठ्यात उभी, कान टवकारून. मी तिच्याकडं बघत नव्हतो. टेम्पो आला. हॉटेलवाला स्वतः आला, पांढऱ्या कपड्यात, कपाळाला गंध. वैरणीच्या खोलीच्या दाराशी आमची फटफटी उभी होती. ही गाडी वर्षातनं एकदाच निघते, पाडव्याला, आणि तिला सायलेन्सर नाहीच. सामान बाहेर काढायचं तर गाडी हलवायला पाहिजे.

आता गवळ्याच्या पोटी जन्मलेल्या पोरानं ही गाडी ढकलून न्यायला पाहिजे होती. पण चाकात हवा कमी, ढकलायला जड. त्यानं मारली किक.

आवाज झाला. "आरं बंद कर! बंद कर लेका!" मी ओरडलो. त्या आवाजात त्याला काय ऐकू येतंय? तो गाडी घेऊन गल्लीच्या तोंडाला वळला आणि इकडं गोठ्यात खुंटा उपटल्याचा आवाज आला. म्हैस दारातनं अशी सुटली की हॉटेलवाला टेम्पोत चढला. दाव्याला खुंटा लटकलेला, खुंटा रस्त्यावर आपटतोय, आणि म्हैस पोराच्या मागं मुख्य रस्त्याला.

मी धावलो म्हणजे माझ्या वयाला जमेल तसं धावलो. डोक्यात एकच. दुःखाच्या घरानं म्हैस पळवली. बायको गेली आणि ह्याला शर्यत सुचली. आता सगळी पेठ थुंकणार.

रस्त्यावर पोचलो तर सगळं दिसत होतं. दोन्ही अंगाला माणसं, मधे नटलेल्या म्हशी, आणि त्यांच्यामधनं आमची. काळीभोर, केस वाढलेले, अंगाला शेण लागलेलं, गळ्यात नुसतं दावं. पोराला मागं वळून बघितल्यावर कळलं. थांबवली तर म्हैस अंगावर येणार, म्हणून तो जातच राहिला. हलगीवाल्यानं आधी बघितलं. त्यानं हात थांबवला. मग शिट्ट्या थांबल्या. ज्यांच्या म्हशी रस्त्यात होत्या त्यांनी कासरे ओढून त्या कडेला घेतल्या. कुणी टाळी वाजवली नाही, गुलाल टाकला नाही. फटफटीचा आवाज आणि त्यामागं खुरांचा. काही म्हाताऱ्यांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या.

म्हैस पार शेवटपर्यंत पळाली. शेवटाला कट्ट्याजवळ पोरानं गाडी बंद केली. म्हैस थांबली, इकडं तिकडं बघितलं, तिथं बादली नव्हती. मग तिनं गाडीच्या मागच्या सीटवर हनुवटी टेकली आणि धापा टाकत उभी राहिली. पोरगा तिच्या मानेत तोंड घालून रडत होता, सगळ्यांसमोर.

माझ्याजवळ पलीकडच्या गल्लीतला म्हातारा गवळी आला. माझ्याच वयाचा. आयुष्यभर माझ्या विरोधात म्हशी पळवल्या आणि आयुष्यभर मला शिव्या दिल्या. मी म्हणलं, "चुकून झालं गड्या. पोरानं किक मारली."

"गप रं. मला काय कळत न्हाय व्हय? मी काय म्हंतो ते ऐक. पट्टा न्हाय, तुरा न्हाय, रंग न्हाय, तरी लांबनं वळखली मी. मान कशी धरती बघ, नवरीगत. माझीबी तशीच धरती."

"धरणारच. माझ्या दावणीचीच हाय ती."

"तुझ्या कसली? वहिनीच्या म्हण. तुझी दावण म्हणं! तुला शिंग तरी साळाय येतं का नीट?"

आणि तो रडायलाच लागला, बोलता बोलता. मी त्याच्या म्हशीकडं बघितलं. खरंच तशीच मान. माझ्या तिसऱ्या म्हशीची नात ती. गळ्यात बाजारातला पट्टा, प्लास्टिकच्या कवड्यांचा, उन्हात चकाकत होता.

घरी आलो. म्हैस बांधली. हॉटेलवाला टेम्पोतनं उतरला होता आणि तोवर कुणीतरी काढलेला व्हिडिओ त्याच्या मोबाइलात आला होता. "काका, हा व्हिडिओ पण भिंतीवर लावू. मोठ्या पडद्यावर." मी ओसरीवर बसलो. पायांत गोळे आले होते. मी म्हणलं, "जरा दम खाऊ दे बाबा." तो बसला.

सुनेला मी म्हाताऱ्याचं सांगितलं, त्याच्या म्हशीच्या गळ्यातल्या प्लास्टिकचंही. म्हणलं, "त्यानं दोन वेळा तुझ्या सासूकडं पट्टा मागितलेला. तिनं दिला न्हाय. एकीचा दुसरीला न्हाय म्हणाली."

सून भांडी घासत होती. तिथनंच ओरडली. "दुसरीला न्हाय, खरं हाय. पण लेकीला? आत्तींच्या पाटल्या मला घातल्यासा न्हवं? मी तर सून हाय. ह्या तर पोटच्या लेकी-नाती हाईत. आयीचा दागिना लेकीनं न्हाय घालायचा तर काय हॉटेलात टांगायचा?"

मग जीभ चावली आणि हॉटेलवाल्याला म्हणाली, "तुमाला न्हवं हं दादा."

"न्हाय न्हाय, बोला तुमी वहिनी," तो म्हणाला. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

मी एवढी वर्षं तिचं बोलणं ऐकलं आणि त्याचा अर्थ मला इचलकरंजीच्या पोरीनं सांगितला. म्हशी आमच्या विकल्या गेल्या त्या काय हवेत विरल्या नाहीत. पलीकडच्या गल्लीत आहेत, कोडोलीला आहेत, गारगोटीच्या बाजूला आहेत. त्यांच्या लेकी, नाती, पणत्या दावणीला उभ्या आहेत. मी पट्टे कुणाच्या हवाली करायचे म्हणून झुरत होतो आणि ज्यांचे होते त्या चारा खात उभ्या होत्या.

हॉटेलवाल्याला मी सांगितलं, "पट्टे, घंट्या, चाळ मिळणार न्हाईत. दावी तर घराबाहेर जातच न्हाईत. तुला ढाली देतो. सगळ्या ने."

मला वाटलं रागवेल. तो खूश झाला. ढाली चमकत होत्या ना. पेंडीच्या डब्यावरची मोठी ढाल सुद्धा धुऊन घेऊन गेला, आणि पेंडीला झाकण म्हणून दुसऱ्या दिवशी स्टीलचं नवं ताट पाठवलं. त्याचं हॉटेल चांगलं चाललंय म्हणतात. मी अजून गेलो नाही. बोलवतो सारखा.

ढालींबरोबर सायलेन्सरही देऊन टाकावा म्हणून उचलायला गेलो तर पोरानं हात धरला. "आबा, ह्यो मला ऱ्हाऊ दे."

"तुला काय करायचाय? तुला कशाचं काय सांगता येत न्हाय म्हणलास की."

"ह्याचं येतं," तो म्हणाला. "लहानपणी रोज सांगायची, झोपवताना. ह्यो निघाला म्हणून आवाज आला." आणि ते फडकं त्यानं पुन्हा नीट गुंडाळलं.

संध्याकाळी सगळ्यात आधी तिसऱ्या म्हशीचा पट्टा पलीकडच्या गल्लीत नेला. म्हाताऱ्यानं हातात घेतला नाही. "माझ्या हातात नगं. तिच्या गळ्यात बांध तूच." बांधला. प्लास्टिकचा काढून त्यानं गटारीत टाकला. मग मला म्हणाला, "आता फुडच्या वर्षी तुला हरवतो बघ, तुझ्याच पट्ट्यात." मी म्हणलं, हरव. जाताना त्यानं मला आपल्या हातानं पान लावून दिलं, जे त्यानं कधी दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. सकाळी आंघोळ केली, सुनेनं भाकरी बांधून दिली, आणि कोडोलीला विकलेल्या म्हशीचा पट्टा पिशवीत घालून एसटीत बसलो. गाडी माहेराला निघालेल्या बायकांनी आणि पोरांनी गच्च. मला एका बाईनं मांडीवरचं पोर उचलून जागा दिली. पट्ट्याला घंटी होती, ती काढायचं माझ्या ध्यानात आलं नव्हतं. रस्त्याला खड्डा आला की पिशवी वाजायची. एक खड्डा, एक घंटी. कंडक्टर मागं आला, पिशवीकडं बघितलं.

"आजोबा, म्हशीचं तिकीट काढलासा का?"

गाडी हसली. मी म्हणलं, "म्हैस कोडोलीत हाय. तिचा दागिना घिऊन चाललोय."

जागा देणारी बाई म्हणाली, "म्हजी भाऊबीजंची वोवाळणी म्हशीला?"

"तसंच समज."

"लई भाग्याची म्हैस की. आमच्या भावाला सांगा जरा, त्यो दर वर्षी निस्ती सुपारी घालतोय." पुन्हा गाडी हसली आणि मीही हसलो. ती गेल्यापासनं पहिल्यांदा, आणि हसताना लाज वाटली नाही.

कोडोलीत घर सापडायला वेळ लागला. त्यांनी म्हैस विकत नेली त्याला पुष्कळ वर्षं झालेली. घरधनी रानात गेलेला, त्याची बायको अंगणात शेणी थापत होती. मी नाव सांगायच्या आधीच तिनं हात झटकले. "तुमी कोल्लापूरच्या वैनींचं मालक न्हवं? या की. वैनी बऱ्या हाईत का?"

मी सांगितलं. ती शेणाच्या हातांनी तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "म्हैस न्हेताना मला त्यांनी शेजारी बसवून सांगितलं हुतं, हिच्या कानामागं खाजवलं की ही दूध देती. आता तिच्या लेकीलाबी तसंच करतो मी. दुसऱ्या कुणाला सांगिटलं न्हाय."

मला हे माहीत नव्हतं. माझ्याच गोठ्यातलं मला माहीत नव्हतं.

म्हैस घरामागच्या परड्यात होती. आमच्या म्हशीची लेक, वयानं मोठी झालेली, पोटानं भरलेली. चांगली ठेवली होती. बाईला मी मनापासनं हात जोडले, तिला ते अवघड झालं. पट्टा काढून गळ्याला लावला तर दोन बोटं कमी पडला. आईपेक्षा लेक जाड. बाई म्हणाली, "असू द्या, दोरीनं जोडू."

मी म्हणलं, "दोरीनं नगं. वादीचा तुकडा असंल तर बघ, आणि दाभण दे."

कवड्या मी कधी शिवल्या नव्हत्या. बाईनं दाभण, मेण लावलेला दोरा आणि जुन्या चपलेची वादी आणून दिली, आणि चहाला गेली. मी परड्याच्या पायरीवर बसलो, पट्टा मांडीवर घेतला आणि वादीच्या जोडासाठी शेवटच्या दोन कवड्या उसवायला घेतल्या.